पुढचं चाक, फोर्क, कोन सेट: घरी काम करताना मोटरसायकलला टेकू कसा द्यायचा

पाना-पक्कडीच्या दृष्टीनं पुढच्या चाकाचं काम अवघड नाही. एक्सलचा नट, ब्रेकची केबल किंवा (डिस्क ब्रेक असेल तर) डिस्कला चिमटीत धरणाऱ्या कॅलिपरचे दोन बोल्ट, मीटरची केबल, की चाक हातात. घरी काम बिघडतं ते गाडी उभी ठेवण्यात. स्प्लेंडर प्लस ११२ किलोची, क्लासिक ३५० तर १९५ किलोची. यातली कुठलीही पायावर आली तर हाड मोडू शकतं. आणि धोका फक्त गाडी उचलतानाच असतो असं नाही. घट्ट नट सोडवायला जोर लावला, किंवा एखादा जड भाग निघाल्यावर तोल सरकला, तरी गाडी जाते.

म्हणून जॅक बाहेर काढण्याआधी एक ठरवून टाका: आज नेमकं काय निघणार आहे? जो भाग निघणार, त्याच्यावर गाडीचं वजन ठेवता येत नाही. नुसतं चाक, टायर किंवा ब्रेक शू असेल तर फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या, बुडाला धरणारा स्टँडही चालतो. ऑइल सील बदलायला फोर्क काढायचे असतील तर तो स्टँड बाद, मग दोन्ही फोर्क धरणाऱ्या टीला खालून टेकू हवा. कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग, बदलायचा तर टीचा दांडाच बाहेर येतो, म्हणजे तोही आधार गेला. इंजिनाखाली किंवा चासीच्या खालच्या नळ्यांखाली दिलेला टेकू मात्र तिन्ही कामांना पुरतो. घरी तोच नीट शिकून घ्यावा.

जागा आणि सामान

सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. बाटलीभर पाणी ओता, पाणी जिकडे पळेल तिकडे गाडी जाऊ बघते. सपाट काँक्रीट सगळ्यात चांगलं. गुळगुळीत टाइलवर स्टँडचे पाय घसरतात, पेव्हर ब्लॉकच्या फटीत एक पाय रुततो, आणि उन्हाळ्यात दुपारी डांबर मऊ होऊन स्टँड हळूहळू आत जातो. अशा ठिकाणी १८ मिमी जाडीच्या प्लायची एकच फळी दोन्ही पायांखाली घाला. प्रत्येक पायाखाली वेगळा तुकडा ठेवू नका, एक सरकला की गाडी तिरकी होते. फरशी ओली असेल तर आधी कोरडी करून घ्या, पावसाळ्यात हे हमखास राहून जातं.

टेकूला लाकूड वापरा, तेही टणक: साग, बाभूळ किंवा पॅकिंगच्या पेटीचे जाड ठोकळे. साधारण १० सेंमी रुंद आणि ३० सेंमी लांब असे सहा-आठ तुकडे पुरतात. विटा किंवा पोकळ सिमेंट ब्लॉक नको. ते थोडेसे दबून इशारा देत नाहीत, एकदम फुटतात, आणि वजन एका कोपऱ्यावर आलं तर हमखास. टाइल्सच्या चवडीचंही तसंच. लाकूड दबतं, करकरतं, वेळ देतं.

जॅक दोन प्रकारचे हाताशी असतात. कारसोबत येणारा कात्रीचा जॅक बंद असताना साधारण १० सेंमी उंच असतो, त्यामुळे इंजिनाखाली सहज जातो. तो स्क्रूवर चालत असल्यानं आपोआप खाली बसत नाही, पण त्याचं बूड अरुंद असतं आणि वरची खाच कारच्या पत्र्यासाठी बनवलेली असते, तिच्यावर मोटरसायकल थेट ठेवता येत नाही. बॉटल जॅक ताकदवान, पण बंद स्थितीतही साधारण १६ सेंमी उंच आणि डोकं रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं. शिवाय हायड्रॉलिक जॅकचं सील झिरपलं की तो मिलिमीटर-मिलिमीटरनं बसत जातो. दोन्ही बाबतींत जॅकनं फक्त उचलायचं. धरून ठेवायचं ते लाकडानं, किंवा पिन घालून उंची पक्की करता येणाऱ्या घोडीनं.

याशिवाय दोन रॅचेट पट्टे, मागच्या चाकासाठी अटकणीच्या दोन पाचरी, सरळ आणि उलट्या एकमेकांवर सरकवता येतील अशा लाकडी पाचरींची एक जोडी, आणि जुना टायर. टायरचं काम पुढे येईल.

टाकी अर्ध्याच्या खाली असताना काम करा. पेट्रोल हलतं, आणि त्याच्याबरोबर तोलही हलतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीचा पेट्रोल कॉक बंद करा. इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्या, गरम बेंडपाइपला (इंजिनापासून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीला) टेकलेला नायलॉनचा पट्टा वितळून तुटतो.

आधी सैल, मग वर

चाक जमिनीवर आणि गाडीचं पूर्ण वजन टायरवर असतानाच सगळे घट्ट नट-बोल्ट पाव फेरा सैल करून घ्या: एक्सल नट, एक्सल आवळणारा बाजूचा बोल्ट, कॅलिपरचे बोल्ट. एक्सल नट चांगला ५०-६० न्यूटन-मीटर टॉर्कनं (फिरवण्याच्या जोरानं) आवळलेला असतो, वर गंज. तेवढा जोर टेकूवरच्या गाडीवर लावला तर पाना फिरण्याआधी गाडी फिरते.

फोर्क काढायचे असतील तर त्याची वरची टोपीही आत्ताच सैल करा. आधी वरच्या टीचा आवळणारा बोल्ट, मग टोपी, नाहीतर टीमध्ये दाबलेले आटे टोपीला सोडत नाहीत. इथे एक जपा: टोपी फक्त सैल करायची, काढायची नाही. गाडीचं वजन फोर्कवर असेपर्यंत आतली स्प्रिंग जास्त दबलेली असते, शेवटचा आटा सुटला की टोपी चेहऱ्याच्या दिशेनं उडते. चाक वर उचललं की फोर्क पूर्ण ताणला जातो आणि स्प्रिंगचा जोर उतरतो. टोपी तेव्हा काढायची, तीही वरून हातानं दाबून धरून.

मेन स्टँड असलेली गाडी

मेन स्टँड लावल्यावर बहुतेक गाड्यांचं पुढचं चाक जमिनीवर टेकतं आणि मागचं हवेत राहतं. मागचं कॅरियर हातानं खाली दाबून बघा. एका हाताच्या दाबानं पुढचं चाक उचललं गेलं तर तुमच्या जॅकवर फारच थोडं वजन येणार आहे. पूर्ण अंग टाकावं लागलं तर गाडी पुढे जड आहे. ही तपासणी प्रत्येक गाडीवर करावी. लेग गार्ड, साडी गार्ड, मागचा डबा यांनी तोल बराच बदलतो.

मग स्टँड तपासा. त्याच्या खिळीपाशी बुश झिजला असेल तर स्टँड डावी-उजवीकडे लचकतो, आणि थांबा झिजला असेल तर जास्त पुढे जाऊन गाडी बसते. स्टँडवरच्या गाडीचं सीट धरून आडवं हलवा. खिळीपाशी खुळखुळ जाणवली तर आज चाक काढू नका, आधी बुश बदला. फार खर्चाचं काम नाही.

मेन स्टँडची खरी भीती वेगळीच आहे. गाडी पुढे ढकलली की तो मागे दुमडतो, कारण स्टँडवरून गाडी उतरवण्याची रीतच ती. म्हणजे पुढच्या चाकाशी बसून तुम्ही काहीही स्वतःकडे ओढलंत, तर नकळत स्टँड काढण्याचीच कृती करत असता. उपाय सोपा आहे आणि तो टाळू नये: स्टँडच्या आडव्या दांडीला पट्टा गुंतवून तो इंजिनाच्या पुढच्या चासीच्या नळीला ताणून बांधा. आता स्टँड मागे जाऊच शकत नाही. रॅचेट नसेल तर जाड सुती दोरी चालते, पण ताण हवा. ढिला पट्टा असून नसल्यासारखा.

आता उचलणं.

१. इंजिनाखाली जॅकची जागा शोधा. ती गाडीच्या मधल्या रेषेवर आणि जमेल तितकी पुढे असावी. पुढे गेल्यानं वजन कमी येतं आणि स्टँडचे दोन पाय व जॅक यांचा त्रिकोण लांब होतो. चासीच्या नळ्या इंजिनाखालून जात असतील तर दोन्ही नळ्यांना आडवा ठोकळा टेकवा. नळ्या नसतील तर इंजिनाच्या केसिंगचा सपाट, जाड भाग घ्या.

२. ऑइलचा ड्रेन बोल्ट, ऑइल फिल्टरचं झाकण, बेंडपाइप, केसिंगच्या पातळ पट्ट्या आणि पत्र्याची खालची प्लेट, यांवर वजन नको. ॲल्युमिनियमची केसिंग बोल्टाच्या टोकावर दाबली गेली की आटे जातात किंवा तडा जातो, आणि त्या दुरुस्तीपुढे चाकाचं काम काहीच नाही. ठोकळ्यावर खडू घासून तो खालून दाबा. खडू इंजिनाला जिथे उमटेल तिथेच खरा स्पर्श आहे. ड्रेन बोल्ट मध्ये येत असेल तर ठोकळ्याला तेवढं भोक पाडा.

३. जॅकच्या डोक्यावर ठोकळा, ठोकळ्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. लाकूड घसरत नाही आणि रंगही जात नाही.

४. हळूहळू उचला. जॅक ३ सेंमी चढला की पुढचं चाक त्याच्या दुपटीच्या आसपास चढतं, कारण गाडी स्टँडच्या पायांभोवती फिरते. फिरताना इंजिन थोडं मागेही सरकतं, म्हणून जॅक मागे झुकू लागतो. झुकलेला दिसला की खाली करून सरळ मांडा. तिरक्या जॅकवर आणखी उचलायचं नाही.

५. मागचं चाक जमिनीला टेकलं की थांबा. हे सगळ्यात महत्त्वाचं. त्यानंतरही उचलत राहिलात तर स्टँडचे पाय जमिनीवरून सुटतात आणि गाडी मागचा टायर आणि एक जॅक यांच्यावर उभी राहते. स्टँडच्या दोन्ही पायांखाली कागदाचं टोक घालून बघा. कागद आत गेला तर तुम्ही जास्त उचललंय, थोडं खाली घ्या. याहून उंची हवी असेल तर ती सुरुवातीलाच स्टँडखाली फळी घालून मिळवायची असते.

६. मागचं चाक टेकलंच नाही आणि पुढे पुरेशी उंची आली, तर मागच्या टायरखाली फळ्या सारून फट भरा. गाडीला मागे झुलायला जागा ठेवू नका. पुढचं चाक निघालं, मग फोर्क, मग हँडल, की पुढचं वजन कमी होत जातं आणि एका क्षणी गाडी मागे बसते. त्या धक्क्यानं पुढचा टेकू सुटतो. फट आधीच भरलेली असेल तर बसायला जागाच उरत नाही.

७. मागच्या चाकाच्या पुढे आणि मागे अटकण लावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका.

८. आता जॅकच्या शेजारी लाकडाची चौकट रचा: दोन ठोकळे गाडीच्या लांबीच्या दिशेनं झोपवून, त्यावर दोन आडवे, पुन्हा दोन लांबीच्या दिशेनं. नुसते एकावर एक नकोत. शेवटची फट दोन उलट्या पाचरींनी भरा, हातोडीच्या हलक्या ठोक्यानं दोन्हीकडून आत सारत. मग जॅक अर्धा-एक फेरा उतरवा, म्हणजे वजन लाकडावर येईल. जॅक तिथेच राहू द्या, स्पर्श होईल इतका.

९. आता गाडी हलवा. एक हात हँडलवर, एक मागच्या ग्रॅब रेलवर, आणि डावी-उजवीकडे, पुढे-मागे नीट झटका द्या. चाक अजून जागेवर आहे, त्यामुळे काही सुटलं तरी गाडी काही सेंमी खाली टायरवर येईल, इतकंच. करकर ऐकू आली किंवा चौकट सरकली तर पुन्हा मांडा.

किती उंची पुरे? बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा कमी. चाक मडगार्डखालून सरकवायला टायर जमिनीपासून ५ ते ८ सेंमी सुटला की भागतं. फोर्क काढायलाही गाडी आभाळात न्यावी लागत नाही. १८ इंची रिमच्या गाडीत एक्सल जमिनीपासून साधारण ३० सेंमी वर असतो, आणि फोर्क खाली ओढायला लागते ती वरच्या आणि खालच्या टीच्या मधली जागा, म्हणजे कम्युटर गाड्यांत २० सेंमीच्या आसपास. चाक निघालं की ती जागा आपोआप मिळते. कमी उंचीवरून पडलेली गाडी कमी नुकसान करते, तेव्हा विनाकारण वर नेऊ नका.

मेन स्टँड नसलेल्या गाड्या

ड्यूक किंवा पल्सर एनएस २०० सारख्या गाड्यांना मेन स्टँड येत नाही. एनएसचा सायलेन्सर तर इंजिनाच्या पोटाखालीच आहे, त्यामुळे जॅकला जागाच उरत नाही. साइड स्टँड आणि एका बाजूनं जॅक हा प्रकार करू नका. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कललेली असते, जॅक उभा ढकलतो, आणि ठोकळा तिरक्या पृष्ठभागावरून निसटतो.

इथे मागचा पॅडॉक स्टँड, म्हणजे मागचं चाक उचलून गाडी सरळ उभी धरणारा सुटा स्टँड, घ्यावाच लागतो. स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या चासीच्या हातावर) बॉबिन, म्हणजे स्टँड अडकवायच्या रिळासारख्या गुंड्या, बसवायची सोय असेल तर बॉबिनचा स्टँड सगळ्यात पक्का. आट्याचा आकार गाडीप्रमाणे ६, ८ किंवा १० मिमी असतो, तो बघूनच विकत घ्या. बॉबिन नसतील तर स्विंगआर्मला खालून धरणारे रबरी हात असलेला स्टँड चालतो, पण तो थोडा सरकतो.

क्रम नेहमी हाच: आधी मागचा स्टँड, मग पुढचा. काढताना उलट. मागचा स्टँड गाडीला उभी धरतो, पुढचा फक्त नाक उचलतो. मागचा लावताना गाडी पुढे पळू नये म्हणून पुढचा ब्रेक लिव्हर रबरी पट्टीनं आवळून बांधा. पण ही पट्टी चाक किंवा कॅलिपर काढण्याआधी सोडायची. डिस्क पॅडमधून निघाली आणि लिव्हर दाबलेलाच राहिला, तर पिस्टन बाहेर येतात, ऑइल गळतं, आणि चाकाच्या कामाचं ब्रेकचं काम होतं.

पुढचा स्टँड घेताना टीच्या दांड्यात खालून पिन घालणारा घ्या. पिन दांड्याच्या भोकात घट्ट बसणारी हवी, सोबत येणाऱ्या चार-पाच पिनांपैकी जी कमीत कमी खेळते ती. या स्टँडवर चाकही निघतं आणि फोर्कही. फोर्कच्या बुडाला धरणारा स्वस्त स्टँड फक्त चाकासाठी. कोन सेटसाठी दोन्ही निरुपयोगी. सायलेन्सर खाली असलेल्या गाडीत तो काढून इंजिनाला टेकू द्या, किंवा वरून टांगा.

टांगायचं तर आधार खात्रीचा असावा: शेडचा लोखंडी गर्डर, किंवा झोपाळ्यासाठी स्लॅबच्या सळईत अडकवलेली कडी, जिच्यावर माणसं रोज बसतात. पंख्याचा हूक चालणार नाही. कोन सेटचं काम असेल तर पट्टे हँडलला न घालता टाकीखालच्या चासीच्या मुख्य नळीला, टीच्या मागे घाला, कारण हँडल आणि टी तर निघणारच आहेत. दोन पट्टे, दोन्ही बाजूंना फाकवून. एका पट्ट्यावर गाडी लोलकासारखी झुलते.

चाक निघाल्यावर

जुना टायर आता फोर्कच्या टोकांखाली आडवा सरकवा. मुख्य टेकू निसटलाच तर गाडी त्याच्यावर येईल, तुमच्या हातावर किंवा फोर्कच्या आट्यांवर नाही. काम करताना पाय गाडीखाली घालून बसू नका, बाजूनं बसा. मुलं आणि कुत्री-मांजरं दूर ठेवा, आणि मध्येच जेवायला उठायचं असेल तर चाक आणि एक्सल परत आत सारून जा.

कॅलिपर नळीवर लोंबकळत सोडू नका, तारेनं फोर्कला किंवा मडगार्डच्या बोल्टला बांधा. दोन पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची जाड घडी घाला. काढलेलं चाक डिस्क वर ठेवून आडवं करा.

हँडल मोकळं असतं आणि एका बाजूला वळलं की वजनही तिकडे जातं. दोन्ही मुठींपासून मागे दोरी घेऊन ते सरळ बांधा. हँडल लॉक करून ठेवू नका, लॉकमध्ये ते डावीकडे वळलेलं राहतं.

कोन सेट ढिला आहे का हे बघायची रीत म्हणजे फोर्कची खालची टोकं धरून पुढे-मागे ओढणं. स्टँडचा पट्टा बांधला नसेल तर नेमकी हीच तपासणी गाडी पाडते, त्यामुळे आधी पट्टा बघा. जुन्या कम्युटर गाड्यांत कोन सेटमध्ये सुट्या गोळ्या असतात. टी खाली घेताना खाली जाड कापड पसरा, गोळ्या वरच्या आणि खालच्या वेगळ्या डब्यांत मोजून ठेवा.

परत खाली घेताना

चाक बसवताना ड्रम ब्रेकच्या गाडीत एक गोष्ट डोळ्यांनी खात्री करून घ्यायची. ब्रेक प्लेटवरची खाच फोर्कच्या आतल्या बाजूच्या उंचवट्यावर पूर्ण बसली पाहिजे. ती बाहेर राहिली तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरू बघते, केबल ओढली जाते आणि चाक जाम होतं. हात घालून चाचपा, नुसतं वाकून बघू नका.

एक्सल नट हातानं जेमतेम आवळा. फोर्कखालचा टायर आणि खालची सगळी हत्यारं काढा. जॅक थोडा चढवून वजन घ्या, मग पाचरी आणि चौकट सोडवा, मग जॅक सावकाश उतरवा. पुढचं चाक टेकलं की स्टँडचा पट्टा सोडा, अटकण काढा, गाडी न्यूट्रलमध्ये घ्या आणि स्टँडवरून उतरवा. पट्टा विसरून गाडी पुढे ढकललीत तर ती अर्ध्यावर अडते आणि तुमच्या अंगावर येते. म्हणून पट्टा लाल किंवा पिवळा, नजरेत भरणारा घ्यावा.

आता पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा जोरात दाबा, म्हणजे फोर्कचे दोन्ही पाय एक्सलवर आपापल्या जागी बसतात. त्यानंतरच एक्सल नट माहितीपुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर आवळा आणि शेवटी बाजूचा बोल्ट. हा क्रम चुकला तर फोर्क किंचित वाकडा आवळला जातो, अडखळत चालतो आणि नवं सीलही लवकर गळतं. डिस्क असेल तर लिव्हर टणक लागेपर्यंत पंप करा, कारण पॅड मागे सरकलेले असतात आणि पहिली एक-दोन वेळ लिव्हर सरळ मुठीला लागतो. ड्रम असेल तर केबलचा खेळ जुळवा, चाक हातानं फिरवून घासत नाही ना ते बघा. पार्किंगमध्येच चालण्याच्या वेगानं दोन-तीनदा ब्रेक मारा, आणि पहिल्या फेरीहून आल्यावर एक्सल नटला पुन्हा पाना लावा.